घराच्या वायरिंगसाठी एफआर, एफआर-एलएसएच की हॅलोजनमुक्त वायर?

नव्या घराचे वायरिंग ठरवताना साधारणपणे तीन प्रकारच्या वायर समोर येतात : एफआर (ज्वालारोधक), एफआर-एलएसएच (ज्वालारोधक आणि कमी धूर, कमी हॅलोजन सोडणारी; बाजारात हिलाच एफआरएलएस म्हणतात) आणि हॅलोजनमुक्त, म्हणजे क्लोरीनसारखी हॅलोजन मूलद्रव्ये नसलेली एचएफएफआर. तिन्ही ज्वालारोधक आहेत. त्यामुळे वायर किती पेटते यापेक्षा पेटल्यावर तिच्यातून काय बाहेर पडते, यावर निवड करावी. जानेवारी २०२१ मध्ये भंडारा जिल्हा रुग्णालयातील आगीत १० नवजात बालके दगावली, त्यांतील काही धुराने गुदमरून. धुराचा विचार किंमत विचारण्याआधी व्हायला हवा, असे मला वाटते ते यामुळेच.

एफआर आणि एफआर-एलएसएच या दोन्ही वायर पीव्हीसीच्याच असून आयएस ६९४ या भारतीय मानकात मोडतात. शुद्ध पीव्हीसीमध्ये वजनाने निम्म्याहून अधिक क्लोरीन असते. तापल्यावर त्यातून सुटणारा हायड्रोजन क्लोराइड वायू ज्वालेतील रासायनिक साखळी तोडतो आणि आग दबते. मात्र वायर लवचीक करण्यासाठी मिसळलेली द्रव्ये ज्वलनशील असल्याने अँटिमनी ट्रायऑक्साइडसारखी ज्वालारोधक भर घालावी लागते. एफआर वायरच्या आवरणाला जळत राहण्यासाठी हवेत किमान २९ टक्के ऑक्सिजन लागला पाहिजे, अशी अट आहे. साध्या हवेत तो सुमारे २१ टक्के असतो. धुराबाबत मात्र एफआरवर बंधन नाही. एफआर-एलएसएचमध्ये धुराच्या दाटपणावर मर्यादा येते आणि आम्लवायू, म्हणजे वर सांगितलेला हायड्रोजन क्लोराइड, आवरणाच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतच चालतो. हा वायू डोळे आणि श्वासनलिका जाळतो, तसेच ओलाव्याशी संयोग होऊन त्याचे आम्ल बनते व आगीतून वाचलेली उपकरणेही गंजतात.

आयएस १७०४८ प्रमाणे बनणाऱ्या हॅलोजनमुक्त वायरमध्ये आम्लवायूची मर्यादा अवघी ०.५ टक्का आहे. तिच्या आवरणात बहुधा ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड भरलेले असते. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड २०० अंश सेल्सिअसच्या आसपास विघटित होऊन वजनाच्या सुमारे एक तृतीयांश पाणी वाफेच्या रूपाने सोडते आणि उष्णता शोषून घेते. धूर विरळ राहतो, त्यामुळे जिना दिसतो. कार्बन मोनॉक्साइड मात्र यातूनही निघतो, म्हणून हा धूर निरुपद्रवी समजू नये. खनिजाचे प्रमाण मोठे असल्याने आवरण तुलनेने कमी लवचीक असते. पाइपमधून ओढताना वायरमनने घाई केल्यास ते सोलवटते. शिवाय ते पीव्हीसीपेक्षा ओलावा अधिक धरते, ही बाब पावसाळ्यात भिंती ओलावणाऱ्या कोकणात दुर्लक्षिण्याजोगी नाही. किंमतही अधिक असते.

एकच जिना असलेल्या इमारतीतील वरच्या मजल्यावरचा फ्लॅट, रुग्णालय, वसतिगृह किंवा शिकवणी वर्ग असेल, तर मी हॅलोजनमुक्त वायरच सुचवीन. तेवढे परवडत नसेल, तर किमान एफआर-एलएसएच. पण हॅलोजनमुक्त वायर साध्या पीव्हीसी पाइपमधून नेली, तर आगीत तो पाइप तोच आम्लवायू सोडेल आणि जादा खर्चाचा बराचसा लाभ वाया जाईल. पाइपही हॅलोजनमुक्त किंवा लोखंडी घ्यावा. थेट अंगणात उघडणाऱ्या बैठ्या घराला एफआर पुरेशी आहे. तिथे वाचलेले पैसे गीझर आणि एसीसाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, योग्य क्षमतेचे एमसीबी (अतिभार झाल्यास वीज तोडणारा स्विच), आरसीसीबी (वीजगळती झाल्यास वीज तोडणारा स्विच) आणि चांगले अर्थिंग यांवर घालावेत, कारण अतिभार आणि सैल जोड यांतून लागणारी आग आवरणाच्या प्रकाराने टळत नाही.

या तिन्ही वायर आगीत वीजपुरवठा चालू ठेवण्यासाठी बनवलेल्या नाहीत. अग्निशमन पंप किंवा धोक्याच्या घंटेसाठी अभ्रकाची पट्टी असलेली, आगीतही चालू राहणारी वेगळी केबल लागते. खरेदी करताना खोक्यावरील जाहिरात न वाचता, खुद्द वायरवर छापलेला मानक क्रमांक, आयएसआय चिन्ह आणि प्रकार तपासावा.