गप्प डिफरन्शियलमागचा भुसा: जुनी पिकअप घेणाऱ्यांनी हे वाचाच

डिफरन्शियल म्हणजे मागच्या ॲक्सलच्या मधोमध असलेला, इंजिनाचा जोर चाकांना वाटून देणारा गोळा. त्यातल्या क्राऊन आणि पिनियन या एकमेकांत बसणाऱ्या दोन गिअरचे दात झिजले की गाडी पन्नास-साठच्या वेगात मागून हूंऽऽ करत रडते. दुरुस्ती महागात जाते, म्हणून काही विकणारे तो आवाज नुसता दाबतात. जुनं ऑइल काढायचं आणि १४० नंबरचं जाड ऑइल, ग्रीस आणि लाकडाचा बारीक भुसा कालवून फिलरच्या, म्हणजे ऑइल भरायच्या, भोकातून भरायचं. हा लगदा दातांच्या फटीत बसतो आणि आवाज मरतो. वर गिऱ्हाइकाला सांगायचं, 'भाऊ, डिफरन्शियलचं ऑइल आत्ताच नवं टाकलंय.'

सावद्याकडच्या एका केळीवाल्या भाऊंना पिकअप अशीच गळ्यात मारली गेली. गाडी दाखवली ती सकाळी, थंड, रिकामी आणि सपाट हायवेवर, तीही जेमतेम चार-पाच किलोमीटर. कुठेच आवाज नव्हता. पुढे माल भरून चाळीसगावहून कन्नड घाट चढताना आवाज सुरू झाला आणि घाट संपेपर्यंत पिनियनचं बेअरिंग जळालं. डिफरन्शियल उघडलं तर तळाशी काळी लापशी आणि त्यात चमकणारा लोखंडाचा चुरा. विकणाऱ्याने हात वर केले, कारण सौदापावतीवर 'गाडी जशी आहे तशी' असं लिहून सही घेतलेली होती.

बेअरिंग जळण्याचं कारण समजून घ्या. डिफरन्शियलमध्ये पंप नसतो. क्राऊन फिरताना ऑइल उडवतो आणि ते हाऊसिंगमधल्या, म्हणजे बाहेरच्या लोखंडी कवचातल्या, वाटेने पिनियनच्या बेअरिंगपर्यंत जातं. भुशाचा लगदा नेमकी हीच वाट बुजवतो. पिनियनवर जोर सगळ्यात जास्त आणि ऑइल सगळ्यात कमी, मग दुसरं काय होणार? शिवाय क्राऊन आणि पिनियन जोडीनेच घासून बसवलेले असतात, त्यामुळे एक गेला तरी दोन्ही बदलावे लागतात.

म्हणून पैसे देण्याआधी गाडी दुपारी चालवा. जळगाव-भुसावळच्या उन्हात तापलेलं जाड ऑइल पातळ होतं आणि दाबलेला आवाज बाहेर येतो. वजन भरून निदान २५-३० किलोमीटर न्या. ॲक्सिलरेटर दाबताना एकदा ऐका, सोडल्यावर पुन्हा ऐका. आवाज या दोन्हींत बदलत असेल तर संशय क्राऊन-पिनियनवर घ्या. वळण घेताना बदलत असेल तर चाकाचं बेअरिंग बघा. मग गाडी सपाट जागेवर उभी करून फिलरचा नट खोलायला लावा आणि बोट आत घालून ऑइल चिमटीत चोळा. चांगलं गिअर ऑइल गुळगुळीत लागतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. कण लागले, धागे आले किंवा ग्रीससारखा गोळा निघाला, तर सौदा तिथेच सोडा. दुधाळ ऑइल म्हणजे आत पाणी गेलंय. विकणारा नट खोलू देत नसेल, तर तेवढंच उत्तर पुरे.

अशी गाडी घेऊन बसला असाल तर नुसतं ऑइल बदलून भागत नाही. डिझेल ओतून 'फ्लश' करून देणारेही भेटतील, पण त्यांना हो म्हणू नका. ते डिझेल ॲक्सलच्या नळ्यांत साचून राहतं आणि नवं ऑइल पातळ करतं. गाडी थोडी चालवून ऑइल गरम करा. आधी फिलर सुटतो का ते पाहा, मगच ऑइल काढायचा खालचा ड्रेन नट खोला. फिलर अडकला आणि खालचं ऑइल निघून गेलं, तर गाडी जागेवरच उभी राहील. नंतर ॲक्सल ओढून क्राऊन असेंब्ली बाहेर काढा. हाऊसिंग, नळ्या आणि बेअरिंगकडे जाणारी वाट धुऊन पुसून कोरडी करा. ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारी वाट, मोकळा आहे का तेही बघा. तो बुजला तर आत दाब वाढून सील फुटतं आणि ऑइल ब्रेकच्या लायनरवर येतं.

ड्रेन नटावरचा मॅग्नेट, म्हणजे लोखंडाचा चुरा धरणारं चुंबक, पुसून नट नव्या वॉशरने बसवा. ऑइल गाडीच्या पुस्तकात दिलेलंच टाका. बऱ्याच पिकअपना ८०डब्ल्यू-९० (ऑइलची जाडी), जीएल-५ (ऑइलचा दर्जा) लागतं. सीलबंद डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि फिलरच्या काठाशी ऑइल येईपर्यंतच भरा, त्याहून जास्त नको. भुशाचे कण कोपऱ्यात दडून राहतात, त्यामुळे हे ऑइल ५०० किलोमीटरला पुन्हा काढा आणि मॅग्नेटवर काय चिकटलंय ते पाहा. बारीक काळी पूड चालते. टोचणारे तुकडे असतील तर माल भरू नका.