गोचीड ताप: स्मिअर, किट की पीसीआर?

कुत्रा खात नाही, कोपऱ्यात पडून राहतो, अंग तापलंय आणि गेल्याच आठवड्यात कानामागे गोचीड सापडली होती. अशा कुत्र्याला घेऊन मुंबईतल्या कुठल्याही दवाखान्यात जा, पहिला संशय टिक फीव्हरचा. मग स्मिअर, किट, पीसीआर अशी तीन नावं कानावर पडतात आणि काय करायचं ते तिथल्या तिथे सांगावं लागतं.

स्वस्त कुठली, महाग कुठली यावरून ठरवू नका. तिन्ही चाचण्या वेगवेगळं काही शोधतात. स्मिअरमध्ये रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून जंतू सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दिसतो का ते बघतात. किट बघतं की या जंतूविरुद्ध शरीराने अँटिबॉडी तयार केल्यात का. पीसीआर रक्तात जंतूचा डीएनए शोधते. शिवाय 'टिक फीव्हर' हा एक आजार नव्हे. एर्लिकिया, अ‍ॅनाप्लाझ्मा, बॅबेसिया, हेपॅटोझून असे बरेच जंतू या एका नावाखाली येतात, आणि त्यांची औषधं सारखी नाहीत.

हे मला भुरीमुळे कळलं. भुरी आमची देशी कुत्री, लालबागच्या एका गल्लीतून आणलेली. जुलैत तिला १०४ फॅरनहाइट ताप आला (कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५). जवळच्या दवाखान्यात किट केलं, एर्लिकिया पॉझिटिव्ह आलं, लगेच डॉक्सीसायक्लीन हे अँटिबायोटिक सुरू झालं. काचपट्टी कुणी बघितली नाही. सहाव्या दिवशी तिच्या हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. दुसऱ्या डॉक्टरांनी कानाच्या कडेला सुई टोचून एक थेंब काचेवर पसरला, रंग दिला आणि मलाच बघायला बोलावलं. फिकट गुलाबी गोल पेशी, आणि त्यातल्या काहींच्या आत जांभळी, अगदी बारीक अंगठी. बॅबेसिया. पीसीआरमध्ये तो बॅबेसिया गिब्सोनाय असल्याचं नक्की झालं आणि एर्लिकिया निगेटिव्ह आलं. पण तोवर सहा दिवस डॉक्सी पोटात गेलेली. ते पहिलं पॉझिटिव्ह जुन्या संसर्गाचं होतं की नव्या, हे आता कधीच कळणार नाही. ते सहा दिवस आठवले की आजही पोटात गोळा येतो.

म्हणून आधी किटबद्दल. फोर-डीएक्स नावाचं जे किट बऱ्याच ठिकाणी वापरतात, ते हार्टवर्म (हृदयातला जंत), एर्लिकिया, अ‍ॅनाप्लाझ्मा आणि लाइम (गोचिडीमुळेच होणारा आणखी एक आजार) अशा चार गोष्टी तपासतं. त्यात बॅबेसिया नाही. आपल्याकडे बॅबेसिया सर्रास आढळत असताना ही मोठी फट आहे. दुसरं असं की अँटिबॉडी तयार व्हायला दिवस लागतात. तापाच्या पहिल्या काही दिवसांत आजार असूनही किट निगेटिव्ह येऊ शकतं. उलट कुत्रा बरा झाल्यावरही अँटिबॉडी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं राहतात. रस्त्यावरून आणलेल्या कुत्र्याचं किट पॉझिटिव्ह आलं तर एवढंच कळतं की त्याची या जंतूशी कधीतरी गाठ पडली होती. दहा मिनिटांत उत्तर मिळतं, हा फायदा मात्र खरा.

स्मिअर सगळ्यात स्वस्त, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. बॅबेसिया दिसला तर शंकेला जागाच नाही, औषध त्याच दिवशी ठरतं. कानाच्या कडेच्या रक्तात तो सापडण्याची शक्यता जास्त असते. एर्लिकिया मात्र काचेवर क्वचितच दिसतो. स्मिअर स्वच्छ म्हणजे कुत्रा स्वच्छ, असं धरून चालू नका. आणि इथे सगळी भिस्त बघणाऱ्याच्या नजरेवर असते. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, 'स्मिअर तुम्ही स्वतः बघणार की लॅबला पाठवणार?'

पीसीआर तिघांत महाग आणि तिला एक ते तीन दिवस लागतात. पण जंतू नेमका कुठला, आणि तो आत्ता रक्तात आहे का, हे तीच सांगते. अट एकच आणि ती पाळायलाच हवी. अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी रक्त काढून ठेवायचं. उपचार थांबवायचे नाहीत. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत (तिच्यात रक्त गोठत नाही) रक्त घ्यायचं, मग गोळी द्यायची. नळी फ्रिजमध्ये ठेवायची, फ्रीझरमध्ये नाही. लॅबला पाठवताना ती बर्फाला थेट टेकू द्यायची नाही, नाहीतर रक्तपेशी फुटतात. जुना, दबून राहिलेला संसर्ग पीसीआरलाही चकवू शकतो, कारण तेव्हा जंतू प्लीहेत किंवा अस्थिमज्जेत लपलेला असतो.

मला आज निवडायचं असेल तर ताप नवा असताना सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि स्मिअर लगेच, पीसीआरची नळी औषधाआधी बाजूला, आणि पैसे उरले तर किट. खिशाला फक्त एकच झेपत असेल तर सीबीसीसोबत नीट बघितलेलं स्मिअर. महिनोन्‌महिने वजन उतरतंय, मधूनच नाकातून रक्त येतंय, अशा जुनाट दुखण्यात किटला जास्त अर्थ आहे, कारण तिथे अँटिबॉडी तयार झालेल्या असतात. आधीच औषध सुरू झालं असेल तर निगेटिव्ह पीसीआरवर पैसे आणि विश्वास दोन्ही टाकू नका.

पावसाळ्यात हिरड्या किंवा डोळे पिवळे दिसले तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, लघवीतून पसरणारा आजार) विचार आधी करायला सांगा. तिथेही पीसीआरसाठी रक्त आणि लघवी अँटिबायोटिकआधीच घ्यायची, आणि लघवी पुसताना हातमोजे घालायचे, कारण तो आजार माणसालाही होतो.

मांजर असेल तर एकच सांगते. मांजरीच्या प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) नळीत सहज गुठळ्या करतात आणि मशीनला त्या मोजता येत नाहीत. रिपोर्टमध्ये चाळीस हजार इतका कमी आकडा दिसला आणि मांजर मजेत खेळतेय, तर घाबरण्याआधी काचपट्टी बघून घ्यायला सांगा.

परळचं बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे बाई साकरबाई पेटिट हॉस्पिटल, आणि तिथलंच १८८६ चं पशुवैद्यकीय महाविद्यालय हा जुना आधार आहेच. महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्टचं प्राण्यांचं मोठं रुग्णालयही सुरू झालं. कुठेही जा, आधीचे सगळे रिपोर्ट आणि पहिला डोस कधी दिला ती तारीख कागदावर लिहून न्या. भुरीच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांनी मला सगळ्यात आधी हीच तारीख विचारली होती.

उपचार संपले की बरं झालं का हे बघायला पुन्हा किट करू नका. सीबीसी करा, प्लेटलेट आणि हिमोग्लोबिन चढतंय का ते बघा. भुरीचं किट वर्षभराने दुसऱ्याच एका कारणासाठी झालं, तेव्हाही पॉझिटिव्हच आलं. त्याच दिवशी तिच्या प्लेटलेट दोन लाख चाळीस हजार होत्या, आणि डॉक्टरांनी एकही गोळी दिली नाही.