अश्वगंधेच्या बियांच्या प्रोजेक्टसाठी स्ट्रिंग डेटाबेस: ४ महिने वापरल्यावर

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी अश्वगंधेच्या बियांची उगवण घेतलीय. साधं पाण्यात भिजवलेलं बी पेट्री डिशमध्ये फुगून तसंच पडून राहतं आणि जिबरेलिक अ‍ॅसिडमध्ये (बी रुजवणारं जिबरेलिन हे वनस्पती हार्मोन) भिजवलं की बरंच जास्त रुजतं, हे या पिकावर काम करणाऱ्या सगळ्यांना माहितीये. पण त्या बीच्या आत कोणतं प्रोटीन कोणाला धरून ठेवतं आणि कोण कोणाला सोडवतं हे मला बघायचं होतं, म्हणून स्ट्रिंगकडे आले, म्हणजे प्रोटीन्सचे आपसातले संबंध जाळ्याच्या रूपात दाखवणाऱ्या डेटाबेसकडे.

वेबसाइट फुकट आहे, नुसतं सर्च करायला लॉगिन लागत नाही. प्रोटीनचं नाव टाका, जीव निवडा, थोड्या वेळात जाळं समोर. २०२३ च्या १२ व्या आवृत्तीत १२,५३५ जीव आणि जवळपास ५.९ कोटी प्रोटीन्स आहेत.

मी सुरुवात अरॅबिडॉप्सिसच्या (प्रयोगांसाठी जगभर वापरलं जाणारं छोटं झाड) आरजीएल२ या प्रोटीनपासून केली, कारण बी रुजण्यावरचा मोठा ब्रेक हाच. त्याच्या शेजारी जीआयडी१ या प्रोटीनची तिन्ही भावंडं आणि एसएलवाय१ हे प्रोटीन दिसली आणि खरं सांगते, वर्गात पाठ केलेली गोष्ट तेव्हा पहिल्यांदा डोक्यात बसली. जिबरेलिन जीआयडी१ ला चिकटतं, मग जीआयडी१ आरजीएल२ ला पकडतं, एसएलवाय१ मुळे त्यावर खूण बसते आणि प्रोटिएसोम (पेशीतलं प्रोटीन मोडणारं यंत्र) त्याचा चुरा करतो, ब्रेक सुटला. दुसऱ्या बाजूला अ‍ॅबसिसिक अ‍ॅसिडचा, म्हणजे बी झोपवून ठेवणाऱ्या हार्मोनचा गट: हे हार्मोन ओळखणारे पीवायएल रिसेप्टर पीपी२सी या प्रोटीन्सना अडवतात, जी एरवी एसएनआरके२ ला दाबून ठेवतात, त्यामुळे एसएनआरके२ मोकळे होतात आणि उगवण रोखणाऱ्या एबीआय५ ला कामाला लावतात, म्हणजे बी झोपलेलंच राहतं. सुप्तावस्थेचं डॉग१ प्रोटीन सुद्धा एका पीपी२सी लाच धरतं, ते मला इथेच कळलं. माझ्या डिशमधलं जिबरेलिक अ‍ॅसिडमध्ये भिजवलेलं बी का रुजतं याचं चित्र एका स्क्रीनवर मिळालं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

आता महत्त्वाचं. जाळ्यात प्रत्येक ठिपका म्हणजे एक प्रोटीन, पण दोन ठिपक्यांमध्ये रेघ आहे म्हणजे ती प्रोटीन्स एकमेकांना चिकटतात असं अजिबात नाही! डीफॉल्ट जाळं फंक्शनल असतं, एका कामात दोघं असली तरी रेघ येते. प्रत्यक्ष चिकटणं बघायचं असेल तर सेटिंगमध्ये फिजिकल निवडा. पुराव्याचे रंग पण बघा, गुलाबी म्हणजे प्रयोगातून, पोपटी म्हणजे टेक्स्ट मायनिंग (कॉम्प्युटरने पेपर चाळून काढलेला दुवा), तिथे दोन नावं पेपरमध्ये बरोबर आली एवढाच आधार असतो. दुव्यावर किती भरवसा ठेवायचा तो किमान स्कोअर ०.४ वर असतो तो मी ०.७ केला, टेक्स्ट मायनिंग बंद केलं, जाळं निम्म्याहून कमी उरलं पण जे उरलं त्यावर भरवसा ठेवता आला.

औषधी वनस्पतींवर काम करणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवा, या झाडांच्या प्रोटीन्सवर थेट प्रयोग फार थोडे झालेत, त्यामुळे बरेचसे दुवे अरॅबिडॉप्सिसवरून साम्य बघून आणलेले असतात. अश्वगंधा टोमॅटोच्या कुळातली, म्हणून मी टोमॅटोचं जाळं पण शेजारी ठेवून बघते, दोन्हीकडे जे सापडतं तेच पुढे नेते. १२ व्या आवृत्तीपासून स्वतःच्या झाडाची सगळी प्रोटीन्स फास्टा फाइलमध्ये (प्रोटीनचे सिक्वेन्स लिहिलेली साधी टेक्स्ट फाइल) अपलोड करून जाळं बनवता येतं, सर्पगंधा, सफेद मुसळी करणाऱ्यांना ही सोय खूप कामाची, फक्त तिथेही नातं साम्यावरूनच जुळतं हे विसरू नका.

मी या जाळ्यातून ६ जीन निवडलेत, पुढच्या महिन्यात जिबरेलिक अ‍ॅसिडमध्ये भिजवलेल्या आणि न भिजवलेल्या बियांवर क्यूपीसीआर (कोणतं जीन किती चालू आहे ते मोजायची टेस्ट) लावणार. आमच्या जुन्या लॉटमधलं बी मात्र अर्धं मेलेलं निघालं, त्यामुळे तुम्ही आधी टेट्राझोलियम टेस्ट (जिवंत बी लाल होतं, मेलेलं नाही) करून घ्या, नाहीतर सुप्त बी कोणतं आणि मेलेलं कोणतं ते कळतच नाही आणि जाळ्याला उगाच दोष दिला जातो. आणि थीसिसमध्ये जाळ्याचा फोटो टाकताना आवृत्ती, स्कोअर आणि कोणते पुरावे चालू ठेवले ते खाली लिहाच.