कोल्हापूर-वेंगुर्ला-पणजी-बेळगाव : तीन दिवसांची भाड्याची गाडी

डच, पोर्तुगीज आणि इंग्रज अशा तिन्ही अमदानींची गावं एका फेरीत दाखवणारी, ड्रायव्हरसह एर्टिगा. नाव घेत नाही, पण कोल्हापूर स्टँड परिसरातल्या बहुतेक ट्रॅव्हल्सवाल्यांचा हिशेब असाच असतो. गाडी स्वच्छ आणि ड्रायव्हर घाटाला सरावलेला. शनिवारी निघायची त्यांची आखणी मात्र जशीच्या तशी घेऊ नका.

आधी भाडं. रोज किमान 300 किलोमीटर धरतात, म्हणजे तीन दिवसांचे 900. प्रत्यक्षात सगळी फेरी 500च्या आसपास भरते. म्हणून किलोमीटरवर न जाता ठोक रक्कम ठरवा. टोल, पार्किंग, परमिट आणि ड्रायव्हरचा भत्ता त्यात धरलाय का, तेही आधीच विचारा. नंबरप्लेट पिवळी हवी. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी स्वस्त पडते, पण भाड्याने चालवणं बेकायदा आहे आणि गोवा-कर्नाटकच्या हद्दीत अडवली तर सगळा दिवस वाया जातो. एर्टिगा सीएनजी असेल तर डिकीत टाकी असते. सहाजणांच्या बॅगा बसत नाहीत, वर कॅरियर मागून घ्या.

जाताना निपाणी, उत्तूर, आजरा, आंबोली हा रस्ता योग्यच आहे. पावसाळ्यात आंबोलीचं धुकं लक्षात घेऊन पहाटे निघा, म्हणजे घाट उजेडात उतरतो. वेंगुर्ल्याची डच वखार 1655ची. आज पडक्या भिंतीच उरल्यात, तिला अर्धा तास पुरे.

खरी चूक जुन्या गोव्यात आहे. आखणीत त्याला एकच तास दिलाय, तोही रविवारी सकाळी. त्या वेळी बॉम जेझू चर्चमध्ये प्रार्थना चालते आणि पर्यटकांना उशिरा सोडतात. शनिवारऐवजी शुक्रवारी निघालात की जुना गोवा शनिवारी येतो आणि अडचणच उरत नाही. 1605 साली पवित्र केलेलं हे चर्च बाहेरून उघड्या जांभ्याचं आहे. गिलावा काढल्यामुळे दगड पावसाला थेट तोंड देतो, त्याची झीज जवळून बघा. समोरच्या से कॅथेड्रलला एकच मनोरा दिसतो, कारण दुसरा 1776मध्ये कोसळला. बहुतेक गाड्या इथूनच परत फिरतात. टेकडीवरचा सेंट ऑगस्टिन चर्चचा 46 मीटर उंच भग्न मनोरा त्यामुळे राहूनच जातो, आणि या सगळ्या फेरीत त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. जुन्या गोव्याला अर्धा दिवस द्याच. खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला.

पणजीत गाडी पाटो भागात ठेवून खाडीपलीकडच्या फोंतेन्हास या जुन्या पोर्तुगीज वस्तीत पायी फिरा. गल्ल्या अरुंद आहेत आणि घरांत माणसं राहतात, दारात उभं राहून फोटोंसाठी गलका नको.

परतताना चोर्ला घाट. जोराच्या पावसात दरडींची बातमी बघूनच निघा. बेळगावचा कॅम्प, म्हणजे इंग्रजांची जुनी छावणी, दुपारी दोन तासांत पाहून होतो. गाडी सोडताना मीटरचं रीडिंग बिलावर लिहून घ्या.