मारायचं की मोठं करायचं?

न्यूरोब्लास्टोमा हा लहान मुलांच्या मज्जासंस्थेतल्या अपक्व पेशींचा कर्करोग. बहुधा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत सुरू होतो. या पेशी वाढायच्या राहिलेल्या असतात. वयाने मोठं न होता नुसत्या संख्येने वाढत जातात.

केमोथेरपीचा हिशेब सरळ आहे: झपाट्याने विभागणाऱ्या पेशी मारा. सिस्प्लॅटिन, व्हिन्क्रिस्टीन, सायक्लोफॉस्फमाइड ही औषधं मोठी गाठ आकसवतात. बदल्यात केस जातात, रक्तपेशी घटतात, सिस्प्लॅटिनने कायमचं ऐकू येणं कमी होऊ शकतं. बोलायला शिकण्याच्या वयात हे फार महाग पडतं.

आयसोट्रेटिनॉइनचा मार्ग वेगळा. हे 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध, म्हणजे मुरुमांवरचीच कॅप्सूल, पण डोस मोठा. प्रयोगशाळेत रेटिनॉइक आम्ल (आयसोट्रेटिनॉइन त्याचाच एक प्रकार) मिळालं की या पेशी मोठ्या होऊ लागतात: मज्जातंतूंसारखे धागे फुटतात आणि विभागणी मंदावते. मुलांना ते 14 दिवस देतात, पुढचे 14 दिवस थांबतात. अशी सहा आवर्तनं. ओठ फाटतात, त्वचा कोरडी पडते, रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं. चिमुकल्याला कॅप्सूल गिळवणं ही घरच्यांची वेगळीच कसरत!

1999 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत उपचारांनंतर हे औषध घेतलेल्यांपैकी 46 टक्के मुलं तीन वर्षं आजार न उलटता राहिली. न घेतलेल्यांत 29 टक्के. मात्र एकूण आयुष्य वाढतं का, यावर नंतरच्या आढाव्यांनी शंका घेतली.

भली मोठी गाठ समोर असताना मी केमोच निवडेन. आयसोट्रेटिनॉइनची पाळी नंतरची, चुकार पेशी उरल्या असतील तेव्हाची.