माशांच्या टँकमध्ये बदामाची पानं: दहा महिन्यांनंतर

फेब्रुवारीत आमच्या इंदिरानगरच्या गल्लीत बदामाची लाल पानं गळायला लागली तेव्हा मी पिशवी घेऊन खाली उतरलो. आधी हीच पानं दुकानातून 10 च्या पाकिटात दीडशे रुपयांना आणली होती, त्याचा राग होताच. बदाम म्हणजे रस्त्याकडेचा देशी बदाम, टर्मिनालिया कटप्पा. शिऱ्यात घालतो त्या बदामाशी याचं नातं नाही. वॉचमनदादांनी विचारलं, "साहेब, पत्रावळ्या लावायच्यात का?"

टँक दोन फुटी, पाणी 50 लिटरच्या आसपास, स्पंज फिल्टर, एक नर फायटर मासा (बेट्टा) आणि 12 चेरी श्रिंप, म्हणजे गोड्या पाण्यातल्या इवल्याशा कोळंब्या. पानं धुतली, पाच मिनिटं उकळली आणि टाकली. न उकळलेली पानं दोन-तीन दिवस वर तरंगत बसतात, उकळलेली लवकर तळाशी जातात, एवढाच फरक. उकळताना बराचसा रंग त्या पाण्यात निघून जातो हे खरं, पण उरलेलाही कमी नसतो. दुसऱ्या दिवशी आई टँकसमोर उभी राहून म्हणाली, "अरे, यात चहा कोणी ओतला?" पानांतल्या टॅनिन नावाच्या तुरट द्रव्याचा तो रंग. ज्यांना काचेसारखं पाणी आवडतं त्यांनी या फंदात पडू नये. फिल्टरमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन टाकलं की रंग जातो, पण मग पानं टाकायचीच कशाला?

पाकिटावर लिहिलं होतं, पीएच कमी होतो, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतं. माझ्याकडे महापालिकेच्या पाण्यात तो 7.8 वरून 7.5 वर आला, तोही तीन आठवड्यांनी. एप्रिलमध्ये सोसायटीने टाकीत बोअरचं पाणी मिसळायला सुरुवात केली आणि मग पानं टाका नाहीतर नका टाकू, पीएच तपासायच्या किटमधला रंग हलेचना. कारण साधं आहे. जड पाण्यातले बायकार्बोनेट पानातून सुटणारं किरकोळ आम्ल जागच्या जागी मारून टाकतात. आधी केएच, म्हणजे पाण्यातल्या या बायकार्बोनेटचं माप, तपासा. तो जास्त असेल तर पीएचसाठी पानांवर पैसे घालवू नका. निम्मं आरओचं पाणी मिसळल्यावर मात्र तेवढ्याच पानांनी फरक पडला. "सगळे रोग बरे होतात" हेही पाकिटावरच. पानांतल्या द्रव्यांचा बुरशीवर थोडाफार परिणाम होतो, पण फायटरची फाटलेली शेपटी भरली ती पानांमुळे की आठवड्याला पाणी बदलण्यामुळे, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

खरी कमाई वेगळीच निघाली. आधी श्रिंपची पिल्लं व्हायची आणि फायटर ती टिपून खायचा, एकही वाचत नसे. पानांचा थर दोन-तीन बोटं झाल्यावर जूनमध्ये एका रात्री टॉर्च मारली, तर एका पानाच्या वळलेल्या कडेखाली तांदळाच्या कणीएवढी सात पिल्लं. पानावर चार-पाच दिवसांत जो बुळबुळीत पांढुरका थर येतो (पहिल्यांदा मी घाबरून तो ब्रशने घासून काढला, मूर्खपणा) तोच त्यांचं जेवण. पुढच्या बारीक पायांनी ती तो थर ओरबाडत असतात, न थांबता. मग मऊ झालेलं पानही जातं आणि दीड-दोन महिन्यांनी उरते फक्त शिरांची जाळी. फायटरही बदलला. पूर्वी दिवसभर काचेवर स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडायचा, आता दुपारी पानावर पोट टेकून पडून असतो.

ऑगस्टमध्ये मात्र माती खाल्ली. मामाच्या मळ्यातून पेरूची वाळकी पानं आणली. पेरूची पानं चालतात, त्यात चूक नव्हती. चूक ही की पेरूच्या शेजारी द्राक्षबाग होती. नाशिककराला हे सुचायला हवं होतं. बागेवरची फवारणी वाऱ्याने कुठवर जाते, सांगता येत नाही. रात्री पानं टाकली, सकाळी 19 श्रिंप तळाशी आडवे, फायटर ठणठणीत. माशाला न जाणवणारं कीटकनाशकही श्रिंपला मारतं. पाण्याची तपासणी काही मी केली नाही, पण दुसरं कारण दिसत नाही. सात श्रिंप वाचले, त्यांच्यावरच पुन्हा सुरुवात केली. तेव्हापासून पानं फक्त गल्लीतली, तीही गटारापासून आणि डांबरापासून लांब पडलेली.

एकदम मूठभर पानं टाकू नका. कुजताना ती ऑक्सिजन ओढतात, मासे वर येऊन तोंड उघडतात. मी 10 लिटरला एक पान धरतो आणि जाळी झालं की नवीन टाकतो. आणि पानं टाकली म्हणून थंडीत हीटर काढू नका. आपल्याकडे पारा 10 च्या खाली उतरतो, फायटर थायलंडकडचा.

वर्षभराचा साठा रद्दीच्या कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. वॉचमनदादा आता झाडताना माझ्यासाठी पानं बाजूला काढून ठेवतात. त्यात हिरवीही असतात, ताज्या पानातल्या रसाने पाणी नासतं म्हणून ती मी गुपचूप कुंडीत टाकतो.