डीसी कॉम्पॅक्ट: वाद घालायला उत्तम, 'हश' बघायला अपुरी

आधी माप. डीसी या अमेरिकन कॉमिक कंपनीच्या 'कॉम्पॅक्ट' मालिकेतलं पुस्तक साडेपाच बाय साडेआठ इंच, म्हणजे साधारण ए-फाइव्ह कागदाएवढं. अमेरिकन कॉमिकचं नेहमीचं पान सहा पूर्णांक पाच अष्टमांश इंच रुंद आणि दहा इंचांपेक्षा थोडं उंच असतं. त्याच्या तुलनेत इथे प्रत्येक रेघ ८३ टक्क्यांवर आली आहे. ऐकायला हे फार वाटत नाही. पण लांबी आणि रुंदी दोन्ही घटल्यामुळे पानाचं क्षेत्रफळ ७० टक्क्यांच्याही खाली जातं. म्हणजे तिसरा हिस्सा गेलाच म्हणा. त्या बदल्यात २०२४ च्या जूनपासून डीसीने दहा-बारा अंकांच्या पूर्ण कथा ९.९९ डॉलर छापील किमतीत द्यायला सुरुवात केली. रुपयातला भाव रोज हलतो, त्यामुळे मागवताना त्या दिवशीच्या डॉलरशी गुणाकार करून बघा. त्याच्या दीडपट कोणी मागत असेल तर घाई करू नका. सोलापूरच्या नवी पेठेतल्या ओळखीच्या पुस्तकवाल्याला आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक) लिहून दिला की काम सोपं होतं, कारण नुसतं 'बॅटमनचं पुस्तक' सांगितलं तर काय येईल याचा नेम नाही.

आता ही पुस्तकं घ्यायची कशासाठी? सोलापुरात चार कॉमिकवाले एकत्र बसले की दहाव्या मिनिटाला गाडी एकाच स्टेशनात शिरते: या सुपरहिरोंचं पुढे करायचं काय? "बॅटमनचं वय किती बे आता?" इथून सुरू होतं आणि सुपरमॅनचं लग्न ठेवायचं की मोडायचं इथपर्यंत जातं. अडचण अशी की एकाने २०११ नंतरचे अंक वाचलेले, दुसऱ्याने मोबाइलवर तुकडे पाहिलेले, तिसरा फक्त सिनेमावाला. तिघं तीन वेगळ्या बॅटमनबद्दल भांडत असतात. कॉम्पॅक्टचा खरा उपयोग इथे आहे. एक पूर्ण कथा, सुरुवात-शेवट असलेली, चौघांना परवडेल अशी. मासिक अंकांवर वाद घालणं म्हणजे चालत्या एसटीचा फलक वाचणं; पुढचा लेखक आला की पाटी बदलते.

पाटी बदलते म्हणजे किती? सुपरमॅनचंच घ्या. १९९६ मध्ये प्रेयसी लोइसशी लग्न. २०११ मध्ये डीसीने सगळ्या मालिका 'न्यू ५२' नावाने नव्याने सुरू केल्या, त्यात ते लग्न झालंच नव्हतं असं ठरलं. २०१६ च्या 'रीबर्थ'मध्ये लग्न परत, सोबत मुलगा जॉन. दोन-तीन वर्षांत हा दहा वर्षांचा पोरगा एकदम सतरा वर्षांचा करून टाकला आणि २०२१ मध्ये तोही सुपरमॅन झाला. स्पायडर-मॅनचं लग्न १९८७ चं. २००७ मध्ये सैतानाशी सौदा करून पुसलं. बॅटमनचं तर २०१८ च्या पन्नासाव्या अंकात मांडवातच फिसकटलं. यातली गंमत आपल्याकडच्या जुन्या वाचकाला लवकर कळते, कारण त्याने इंद्रजाल कॉमिक्समध्ये वेताळ (फँटम) वाचलेला असतो. बाप गेला की मुलगा मुखवटा चढवतो, विषय संपला. वाचतो तो एकविसावा वेताळ. १९७७ मध्ये डायनाशी लग्न झालं, १९७९ मध्ये जुळी झाली, आणि कोणी काही पुसलं नाही. "वारस आणा" म्हणणाऱ्या गटाचा हाच हुकमी एक्का असतो, आणि तो पडला की "नायक बदलू नका"वाले जरा गप्प होतात.

पुस्तकांकडे येऊ. सगळ्यात चांगलं उतरलंय ते 'ऑल-स्टार सुपरमॅन'. २००५ ते २००८ दरम्यानचे बारा अंक, मुख्य कालक्रमाच्या बाहेरचे. चित्रकार फ्रँक क्वाइटलीची रेघ बारीक आणि पानावर मोकळी जागा भरपूर, त्यामुळे लहान केलं तरी चित्र गुदमरत नाही. फुग्यांतली अक्षरं हातभर अंतरावरून वाचता येतात. वादाच्या दृष्टीनेही हेच पहिलं घ्यावं. सूर्याची शक्ती अति झाल्यामुळे मरणाच्या वाटेवर असलेला सुपरमॅन शेवटची कामं उरकतो, एवढंच कथासूत्र. म्हणजे "शेवट दिला तर पात्र संपतं" हा मुद्दा घेऊन बसणाऱ्याने आधी हे वाचावं आणि मग बोलावं.

दुसरं, 'कोर्ट ऑफ आउल्स'. 'न्यू ५२' मधल्या बॅटमनचे पहिले अकरा अंक, लेखक स्कॉट स्नायडर आणि चित्रकार ग्रेग कपुलो यांचे. इथे एक सूचना, नाहीतर पुस्तक परत पाठवाल. पाचव्या अंकात बॅटमन भुलभुलैयात अडकतो, त्याचं डोकं फिरू लागतं, आणि पानंही फिरतात. आधी आडवी होतात, मग उलटी. वाचकाने पुस्तक हातात गोल गोल फिरवत वाचायचं. ही छपाईची चूक नाही, बांधणीत पानं उलटी लागलेली नाहीत. आणि नेमक्या याच ठिकाणी लहान आकार मोठ्यावर मात करतो: जाड पुठ्ठ्याचं मोठं पुस्तक फिरवताना मनगट दुखतं, हे एका हातात फिरतं. तोटा असा की पानं काळीकुट्ट आहेत. पिवळ्या बल्बखाली भिंतीवरची घुबडं दिसतच नाहीत. पांढरा दिवा डाव्या खांद्यामागून येईल असं बसा.

याच स्नायडरने २०२४ च्या ऑक्टोबरात 'अ‍ॅब्सोल्यूट बॅटमन' सुरू केलं. तिथला ब्रूस श्रीमंत नाही, इंजिनिअर आहे. वाडा नाही, बटलर घरात वाढवत नाही, आई जिवंत आहे. पैसा काढून घेतला तर बॅटमन उरतो का, हा सध्याचा सगळ्यात तापलेला प्रश्न. 'कोर्ट ऑफ आउल्स'मध्ये वेन घराण्याची श्रीमंती हाच कथेचा पाया आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचली की एकाच लेखकाने तेरा वर्षांनी स्वतःचाच पाया कसा उपटला ते दिसतं.

पण मागवताना सावध. 'अ‍ॅब्सोल्यूट' हा शब्द डीसी दोन अर्थांनी वापरते. एक ही नवी मालिका. दुसरी 'अ‍ॅब्सोल्यूट एडिशन', म्हणजे खोक्यात घातलेली, सव्वाआठ बाय साडेबारा इंचांच्या आसपासची, वजनदार आणि महागडी आवृत्ती. ऑनलाइन शोधात दोन्ही एकमेकांत मिसळून येतात. किंमत कॉम्पॅक्टच्या कित्येक पट दिसली तर तुम्ही दुसरीवर आहात. मालिकेचे संग्रह नेहमीच्या मोठ्या आकारातच घ्या; चित्रकार निक ड्रॅगोटाचा तो रेड्याएवढा बॅटमन लहान पानात कोंबून उपयोग नाही.

'वॉचमेन'बद्दल मात्र मन दुभंगतं. चित्रांचं नुकसान कमी आहे, कारण तीन बाय तीन अशी नऊ चौकटींची जाळी मुळातच शिस्तीची. इथे एक चौकट साधारण दीड इंच रुंद पडते, तरी डोळा चुकत नाही. खरी अडचण पहिल्या अकरा प्रकरणांच्या शेवटी असलेल्या मजकुराच्या पानांची आहे: आत्मचरित्राचे उतारे, अहवाल, पत्रं, कात्रणं. ते टायपात छापलेलं, ८३ टक्क्यांवर आल्यावर औषधाच्या बाटलीवरच्या सूचनेसारखं दिसतं. चाळिशी लागली असेल तर हे पुस्तक घेऊच नका. बरेचजण ती पानं ओलांडून पुढे जातात आणि मग "यात एवढं काय आहे?" असं विचारतात. अर्धं तिथेच आहे, म्हणून! शिवाय पाचवं प्रकरण आरशासारखं रचलेलं आहे, पहिलं पान शेवटच्याशी जुळतं, आणि बरोबर मध्ये समोरासमोरच्या दोन पानांवर एकच हाणामारी. आरशाची ती मधली रेष बांधणीच्या घडीत जाते.

या पुस्तकावरून होणारा वाद वेगळाच असतो. १९८६-८७ मध्ये संपलेली, बंद दार असलेली कथा. तिची पात्रं २०१७ ते २०१९ च्या 'डूम्सडे क्लॉक'मध्ये मुख्य डीसी विश्वात ओढली गेली. संपलेलं पात्र पुन्हा चालवावं का? आमचं मत, नाही. पण समोरच्याने मूळ पुस्तक वाचल्याशिवाय हे भांडण करू नये.

आणि 'हश', ही बॅटमनचीच कथा. हे कॉम्पॅक्टमध्ये घेऊ नका. जिम लीची चित्रं म्हणजे रेघांवर रेघा, केपच्या प्रत्येक चुणीला वीस रेघा. लहान केल्यावर त्या एकमेकींत मिसळतात आणि करड्या डागासारख्या दिसतात. त्यात जोडपानांचा, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेल्या चित्रांचा भरणा. गोंदाच्या बांधणीत पुस्तक सपाट उघडत नाही, दोन्ही बाजूंनी मिळून अर्धा इंच तरी घडीत जातो; मोठ्या पानात ते खपतं, लहान पानात चेहऱ्याचं नाक जातं. २०२५ च्या मार्चपासून लेखक जेफ लोब आणि जिम ली याच जोडीने बॅटमनच्या १५८ व्या अंकापासून पुढचा भाग सुरू केला, त्यामुळे मूळ कथेला परत मागणी आली. वाचायचीच असेल तर जुनी मोठी आवृत्ती सेकंडहँड शोधा.

'फार सेक्टर' नव्या वाचकाला द्यायला ठीक. ग्रीन लँटर्न (हिरव्या अंगठीची अंतराळरक्षक) नवी, शहर नवं, मागचं काही वाचलेलं लागत नाही. "जुन्या नायकाला वारस देण्यापेक्षा नवीन माणूस आणा" या मताला हे चांगलं उदाहरण आहे. मजकूर जरा जास्त आहे, एवढंच.

टॅबलेटवाले म्हणतात, हे सगळं आम्ही पडद्यावर वाचतो. हिशोब त्यांच्या बाजूचा आहे: कॉम्पॅक्टच्या पानाचा कर्ण दहा इंचांपेक्षा किंचित जास्त भरतो, म्हणजे दहा इंची टॅबलेटएवढाच. त्यावर बोटाने मोठंही करता येतं. फक्त जोडपान आलं की टॅबलेट आडवा करूनही चित्र लहान होतं, आणि वाद चालू असताना "ते पान काढ" म्हटल्यावर कागद जिंकतो. मार्व्हलची 'प्रीमियर कलेक्शन' ही २०२५ पासूनची मालिका सहा बाय नऊ इंचांची, १४.९९ डॉलरची. लांबी-रुंदी मूळच्या नव्वद टक्क्यांजवळ राहते, आणि तेवढ्याने अक्षरांत मोठा फरक पडतो. 'डेअरडेव्हिल'ची 'बॉर्न अगेन' त्यात आहे, ती बिनधास्त घ्या. डीसीनेही हेच माप निवडलं असतं तर निम्म्या तक्रारी गेल्या असत्या.

सोलापूरच्या हवेत ही बांधणी जपावी लागते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडून वर बसतो. गरम लावून थंड केलेल्या गोंदाला हे सोसत नाही. पत्र्याच्या खोलीत माळ्यावर किंवा गाडीच्या काचेमागे पुस्तक ठेवलं तर गोंद मऊ पडतो, आणि त्याच अवस्थेत उघडून वाचलं की मधली पानं सुटून येतात. कोकणासारखी बुरशी इथे फारशी लागत नाही, ती एक सोय. धूळ मात्र वरच्या कडेवर बसते, ती कोरड्या ब्रशने झटकायची, ओल्या फडक्याने नाही.

नवीन पुस्तक आल्या आल्या कडक भाकरीसारखं मधोमध मोडू नका. कणा टेबलावर टेकवा, दोन्ही मुखपृष्ठं खाली पाडा. मग पुढून दहा-पंधरा पानं, मागून दहा-पंधरा पानं, असं आळीपाळीने खाली सोडत घडीशी बोट हलकेच फिरवत मध्यापर्यंत या. दहा मिनिटांचं काम आहे. यानंतर पुस्तक बऱ्यापैकी उघडं राहतं आणि जोडपानाचं नाक थोडंफार परत मिळतं. हे करतानाच पानं मोजा, कोरं पान किंवा रंग सरकलेलं पान दिसलं तर परतीची मुदत संपायच्या आत कळवा. फक्त 'आउल्स'च्या पाचव्या अंकातली उलटी पानं दाखवून बदली मागू नका, दुकानदार हसतो.